कान, नाक, घसा : त्रास किती दिवसांचा आणि कोणत्या बाजूचा?

धागाकर्ता (कान-नाक-घसा तज्ज्ञ, नाशिक)

नाशिकमध्ये कान-नाक-घशाच्या विकारांवर उपचार करताना मला २३ वर्षे झाली. या काळात समोर बसलेल्या रुग्णाला मी सर्वांत जास्त वेळा विचारलेले प्रश्न दोनच आहेत : हा त्रास किती दिवसांपासून आहे, आणि तो एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना? बहुतेकांना हे प्रश्न किरकोळ वाटतात आणि ते उत्तर देता देता जुन्या चिठ्ठ्या शोधू लागतात. पण अर्धे निदान याच दोन उत्तरांत असते. दोन्ही नाकपुड्या आठवडाभर वाहिल्या तर ती सर्दी असते. चार वर्षांच्या मुलाची एकच नाकपुडी महिनाभर वाहत असेल आणि तिला दुर्गंधी येत असेल, तर आत मणी, चिंचोका किंवा स्पंजाचा तुकडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी असते. हेच एका बाजूचे लक्षण साठीच्या माणसात दिसले, सोबत रक्त येत असले, तर नाकात गाठ नाही ना हे पाहावेच लागते. त्रास एकाच अवयवाचा असला तरी बाजू आणि दिवस बदलले की आजार बदलतो. हा धागा मी त्यासाठी काढत आहे.

सुरुवात कानापासून करतो, कारण घरगुती प्रयोग सर्वाधिक तिथेच होतात. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या टोकाला पडदा असतो. या नळीची त्वचा पडद्यापासून बाहेरच्या दिशेने अतिशय मंद गतीने सरकत असते आणि मळाला आपल्याबरोबर बाहेर आणते. म्हणजे कान स्वतःला स्वतःच स्वच्छ करतो. मळ ही घाण नव्हे. तो किंचित आम्लधर्मी, तेलकट थर असून पाणी आणि बुरशी यांपासून त्वचेचे रक्षण करतो. आपण कापसाची काडी, केसांची पिन, काडेपेटीची काडी किंवा दुचाकीची किल्ली आत घालतो, तेव्हा थोडासा मळ काडीला लागून बाहेर येतो आणि उरलेला पडद्यापर्यंत ढकलला जातो. मग अंघोळीचे पाणी गेले की तो फुगतो आणि माणूस एका कानाने ठार बहिरा झाल्यासारखा घाबरून दवाखान्यात येतो. रस्त्यावर कान कोरणाऱ्यांकडून कान साफ करून घेतल्यावर पडद्याला भोक पडलेले रुग्ण मी आजही पाहतो.

जून ते सप्टेंबर या काळात माझ्याकडे येणाऱ्या कानाच्या तक्रारींत बुरशीचा वाटा फार मोठा असतो. कानात तेल, वर पावसाळी दमट हवा आणि खाज सुटली म्हणून फिरवलेली काडी, एवढ्यावर बुरशी आरामात वाढते. आधी खाज, मग दडा, मग झोप उडवणारे दुखणे, असा तिचा क्रम असतो. तपासताना आत ओल्या कागदासारखा पांढरा थर आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. अशा वेळी औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाचे थेंब आणून घातले तर बुरशी कमी होण्याऐवजी वाढू शकते. कान यंत्राने शोषून स्वच्छ करणे, बुरशीविरोधी औषध आणि दोन-तीन आठवडे कान पूर्ण कोरडा ठेवणे, हा तिचा उपचार आहे.

आता ज्याला आपण ‘कान फुटला’ म्हणतो, त्याविषयी. नाकाच्या मागच्या भागातून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते. सर्दीत ती सुजून बंद झाली की पडद्यामागे पू साठतो, ठणका लागतो, आणि कधी पडदा फाटून पू बाहेर येतो. पू बाहेर पडताच ठणका थांबतो, म्हणून घरच्यांना वाटते की कान बरा झाला. अशा ताज्या फाटलेल्या पडद्याची जखम बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरते. मात्र तीन महिने उलटूनही कान वाहतच असेल, तर त्याचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. पहिल्यात स्राव भरपूर, पातळ आणि बिनवासाचा असतो. सर्दी झाली किंवा पाणी गेले की कान वाहतो. दुसऱ्यात स्राव अगदी थोडा, पण त्याला कुजका वास असतो. या दुसऱ्या प्रकाराला बोलीत ‘हाडाला कीड लागली’ असे म्हणतात. प्रत्यक्षात तिथे किडा नसतो. पडद्याची त्वचा आत ओढली जाऊन तिची पिशवी तयार होते आणि ती भोवतालचे हाड झिजवत जाते. त्या हाडाच्या पलीकडे चेहऱ्याची नस, तोल सांभाळणारा अवयव आणि मेंदूचे आवरण आहे. म्हणून खूप वाहणाऱ्या कानापेक्षा थोडासा वाहणारा, पण वास येणारा कान मला अधिक काळजीचा वाटतो, आणि त्यावर थेंब नव्हे तर शस्त्रक्रिया हाच मार्ग असतो.

पडद्याला भोक असलेल्यांनी २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडात डुबकी घेण्याचा विचार आताच करून ठेवावा. व्हॅसलिन लावलेल्या कापसाच्या बोळ्याने अंघोळीच्या पाण्यापासून कान बऱ्यापैकी सुरक्षित राहतो, पण डोके पूर्ण बुडवले तर राहत नाही. हाताने डोक्यावर पाणी घ्यावे.

जुना नाशिककर, पंचवटी

डॉक्टर, आपण सविस्तर लिहिलेत याबद्दल आभार. परंतु कानात तेल घातले की बुरशी वाढते, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. आमच्या घरी चार पिढ्या बाळाच्या कानात आणि नाकात कोमट तेल घालण्याची पद्धत आहे. आजीला शेवटपर्यंत उत्तम ऐकू येत होते आणि तिने वाढवलेल्या नातवंडांपैकी कोणाचाही कान फुटला नाही. एवढ्या जणांचा अनुभव आपण कसा बाजूला ठेवणार?

धागाकर्ता

काका, तो अनुभव मी खोटा ठरवणार नाही. पडदा शाबूत असेल, मळ कोरडा आणि घट्ट झाला असेल, तर चार-पाच दिवस दोन-दोन थेंब तेल घालून तो मऊ करायला आम्हीही सांगतो. अडचण अशी आहे की पडदा शाबूत आहे की नाही हे घरी कोणालाच दिसत नाही, आणि ज्या कानाला भोक आहे त्यात गेलेले तेल मधल्या कानात उतरून संसर्गाला वाट करून देते. निरोगी कान तेलाने सुधारत नाही. फार तर तो बिघडत नाही, एवढेच आपल्या घरच्या अनुभवाने सिद्ध होते.

नाकातील तेलाबाबत मात्र मी ठाम आहे. तान्ह्या बाळाच्या नाकात घातलेले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकते. तेलाने ठसका फारसा लागत नाही, त्यामुळे ते गेल्याचे कळतही नाही, आणि त्यातून न्यूमोनियाचा एक चिवट प्रकार होतो. बाळाचे नाक बंद असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते वापरावेत. पायाला, पाठीला, टाळूला हवे तेवढे तेल लावावे. टाळूवर लावलेले तेल आत झिरपत नाही आणि त्याने अपायही होत नाही.

कानात जिवंत किडा गेला असेल तर तेल खरोखर उपयोगी पडते, हे मी आवर्जून सांगतो. खोबरेल तेलाचे थेंब घातले की किडा मरतो आणि त्याची फडफड थांबते. नंतर तो दवाखान्यात काढून घ्यावा. वाटाणा किंवा हरभरा अडकला असेल तर मात्र पाणी अजिबात घालू नये, कारण तो आत फुगतो.

सिन्नरची आई

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. त्याचा कान दुखत नाही, वाहतही नाही; पण तो टीव्हीचा आवाज खूप वाढवतो आणि मागून हाक मारली तर वळून पाहत नाही. रात्री तोंड उघडे ठेवून झोपतो व घोरतो. बाईंनी वहीत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा लिहिला आहे. आम्ही त्याला रागावलोही. हे कानाचे असू शकते का?

धागाकर्ता

ताई, शक्यता बरीच आहे. लहान मुलांत नाक आणि कान यांना जोडणारी नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. तिच्या तोंडाशी अ‍ॅडिनॉइड नावाचा मांसल भाग असतो. तो वाढला की मूल तोंडाने श्वास घेते, घोरते, आणि नळी बंद पडून पडद्यामागे चिकट पाणी साठते. यात वेदना नसतात, म्हणून ते महिनोन्महिने लक्षात येत नाही. मुलाला ऐकू येते, पण आपण कानात बोटे घालून ऐकल्यावर येते तसे.

त्याची ऑडिओमेट्री (किती ऐकू येते याची चाचणी) आणि टिंपॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का याची चाचणी) करून घ्या. दोन्ही चाचण्यांत सुई टोचावी लागत नाही. पाणी साठलेले आढळले तरी लगेच शस्त्रक्रिया करायची नसते. यांपैकी बऱ्याच मुलांचे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते. तेवढ्या काळानंतरही दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल, तर पडद्यात बारीक नळी बसवणे आणि अ‍ॅडिनॉइड काढणे यांचा विचार होतो. तोपर्यंत त्याला वर्गात पहिल्या बाकावर बसवायला सांगा आणि बाईंना हे सर्व लेखी कळवा. रागावलात याचे मनाला लावून घेऊ नका. या आजारात बहुतेक घरांत तेच घडते.

यालाच जोडून नवजात बाळांविषयी एक गोष्ट. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाची पहिली चाचणी एक महिन्याच्या आत, पक्के निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपचार सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावेत, असे जगभर मानले जाते, कारण भाषा शिकण्याची मेंदूची सुपीक वर्षे सुरुवातीची असतात. ‘आमच्यात मुले उशिराच बोलतात’ या वाक्याने कितीतरी मुलांची दोन-तीन वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि बहिरेपणा त्यात समाविष्ट आहे. अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या पथकाला आपण होऊन सांगावे.

ढोलवादक, वय २२

मी गेली चार वर्षे पथकात ढोल वाजवतो. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी सराव असतो. सराव संपल्यावर कानात ‘कुंईं’ असा आवाज येतो आणि सकाळपर्यंत थांबतो. थांबत असेल तर काळजीचे कारण नाही ना? ढोल सोडावा असे मला वाटत नाही.

धागाकर्ता

नाशिकचा ढोल ही आपल्या शहराची ओळख आहे आणि ती सोडा असे मी सांगणार नाही. पण तो ‘कुंईं’ आवाज हा कानाच्या आतील पेशींनी दिलेला इशारा आहे. आतल्या कानात केसांसारख्या सूक्ष्म तंतूंच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, विश्रांती मिळाली की सावरतात, आणि पुन्हा पुन्हा तेच झाले की मरतात. मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही.

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन होतो असे धरतात. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते, म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. पथकाच्या मध्यभागी आवाज याहून सहज जास्त असू शकतो. नुकसान प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास होते, जिथे बोलण्यातील स, श, फ यांसारखे व्यंजनांचे ध्वनी समजण्यासाठी लागणारी श्रवणशक्ती असते. त्यामुळे अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत, आणि तो ‘तुम्ही पुटपुटता’ अशी घरच्यांची तक्रार करू लागतो.

फोमचे कानबोळे दुकानात मिळतात. ते पिळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत बसवावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. ताल बोळ्यांमधूनही पूर्ण ऐकू येतो, याची खात्री एका सरावात पटेल. सरावात मधून मधून बाजूला जाऊन कानांना शांतता द्या आणि दर वर्षी हंगाम संपल्यावर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढून जपून ठेवा. पथकप्रमुखांना सांगून सर्वांसाठीच बोळे आणले तर फारच चांगले.

सातपूर

माझ्या मोठ्या भावाच्या बाबतीत घडलेले इतरांना उपयोगी पडावे म्हणून लिहितो. तो सकाळी उठला तेव्हा उजवा कान गच्च बंद होता. दुखत नव्हते. मळ असेल म्हणून दुकानातून थेंब आणले. दहा दिवसांनी जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे सर्दीच्या गोळ्या मिळाल्या. तज्ज्ञाकडे पोहोचेपर्यंत पाच आठवडे गेले होते. कान स्वच्छ होता, पडदा उत्तम होता, आणि नस निकामी झाली होती. लवकर आला असतात तर प्रयत्न करता आला असता, हे वाक्य भावाच्या मनातून आजही जात नाही.

धागाकर्ता

हे आपण लिहिलेत, त्याने एखाद्याचा कान वाचेल. एका कानाने अचानक, म्हणजे काही तासांत किंवा तीन दिवसांच्या आत ऐकू येणे कमी होणे ही तातडीची बाब आहे, आणि ती तशी वाटत नाही हाच तिचा धोका आहे, कारण त्यात ना वेदना असते ना रक्त. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर श्रवण परत येण्याची आशा चांगली असते, दोन आठवड्यांनंतर ती झपाट्याने कमी होत जाते.

घरी करता येण्यासारखी एक साधी परीक्षा आहे. तोंड मिटून ‘म्’ असा हुंकार भरा आणि तो कोणत्या कानात मोठा ऐकू येतो ते पाहा. मळाने किंवा पडद्यामागील पाण्याने कान बंद असेल तर हुंकार त्याच बंद कानात मोठा घुमतो. नस दुबळी झाली असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. ही परीक्षा डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही, पण हुंकार चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी निघावे. तसा गेला नाही तरी कान अचानक बंद पडला असेल तर एक-दोन दिवसांत तपासून घ्यावेच.

इंदिरानगर

मला अंथरुणात कूस बदलली की घर गरगर फिरते. मानेचा एक्स-रे काढला, मणक्यात झीज निघाली, सहा महिने पट्टा वापरला, फरक नाही. चक्करही कानामुळे येते असे वाचले, ते खरे आहे का?

धागाकर्ता

चाळिशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर झीज बहुतेकांच्या मणक्यात दिसते, आणि तिच्यावर चक्करेचा दोष सर्रास टाकला जातो. कूस बदलताना, वर पाहताना, खाली वाकताना येणारी आणि मिनिटभरात थांबणारी गरगर ही बहुधा आतल्या कानातील कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक आपल्या जागेवरून सुटल्याने येते. डोके ठरावीक क्रमाने वळवून ते स्फटिक जागी परत नेता येतात. याला एप्ली यांची पद्धत म्हणतात. तिला पाच-दहा मिनिटे लागतात आणि अनेकांना एका-दोन खेपांत आराम पडतो. चक्करेच्या गोळ्या महिनोन्महिने घेत राहिल्यास शरीराची तोल सावरण्याची स्वतःची क्षमता मंदावते. मात्र चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, दोन-दोन दिसणे, हातपाय लुळे पडणे किंवा चालताच न येणे असे काही असेल, तर कानाच्या डॉक्टरकडे नव्हे, थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

ऑक्टोबर छाटणी झाली की मला शिंका सुरू होतात त्या फेब्रुवारीपर्यंत. गंधकाची धुरळणी, बांधावरचे गाजरगवत आणि निफाडची थंडी, यांपैकी नेमके कशाने होते ते कळत नाही. नाक मोकळे करणारे थेंब दोन वर्षांपासून रोज रात्री घालतो. ते घातल्याशिवाय झोप येत नाही. कोणी म्हणते नाकाचे हाड वाढले आहे, कोणी म्हणते सायनस आहे. ऑपरेशन केले तर हाड पुन्हा वाढते असेही ऐकले आहे.

धागाकर्ता

दादा, आपल्या प्रश्नात चार वेगळे प्रश्न आहेत, आणि थेंबांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. झायलोमेटाझोलीन, ऑक्सिमेटाझोलीन हे थेंब नाकातील रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून नाक दोन मिनिटांत मोकळे होते. पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की उलट परिणाम सुरू होतो. औषधाचा असर संपताच नाक आधीपेक्षा अधिक सुजते आणि माणूस पुन्हा बाटली शोधतो. आपली झोप आता मूळ ॲलर्जीने नव्हे, तर बहुधा या थेंबांनीच अडवली आहे. ते बंद करण्याचा सोपा क्रम असा की आधी एका नाकपुडीत बंद करावेत, दुसरीत चालू ठेवावेत. पहिली मोकळी होऊ लागली की दुसरीतही बंद करावेत. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडचा फवारा सुरू करावा.

फवाऱ्याविषयी दोन गैरसमज आहेत. स्टेरॉइड हे नाव ऐकून लोक घाबरतात. पण नाकात मारलेली मात्रा अत्यल्प असते आणि तिचा फार थोडा अंश रक्तात जातो. दुसरे, तो थेंबांसारखा लगेच असर करत नाही. पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि लोक तिसऱ्याच दिवशी तो सोडून देतात. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, फवाऱ्याचे तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, असा मारला म्हणजे मधल्या पडद्यावर मार बसत नाही आणि रक्त येत नाही.

गाजरगवताचे परागकण ॲलर्जी करतात हे निश्चित. गंधक मात्र ॲलर्जी नसतानाही नाक-डोळ्यांची आग करते. गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट काढून टाकावे, आणि हे काम ज्याला ॲलर्जी नाही त्याने हातमोजे घालून करावे. धुरळणीच्या दिवशी चांगला मुखपट्टा बांधावा आणि घरी येताच कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. जलनेतीची आपली जुनी पद्धत इथे उत्तम काम करते. पाणी मात्र उकळून थंड केलेलेच असावे, विहिरीचे किंवा नळाचे थेट वापरू नये.

‘हाड वाढले’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. नाकाचा मधला पडदा वाकडा असणे ही एक. तो शस्त्रक्रियेने सरळ केल्यावर सहसा पुन्हा वाकत नाही. बाजूच्या भिंतीवरील मांसल घड्या ॲलर्जीने सुजणे ही दुसरी. त्या घड्या लहान करूनही ॲलर्जी तशीच ठेवली तर पुन्हा सुजू शकतात. लोक दुसरीचा अनुभव पहिलीला लावतात. आणि दोन्ही भुवयांच्या वर दुखले की त्याला सायनस म्हणतात, परंतु नाक मोकळे आणि स्वच्छ असताना वारंवार येणारी, उजेड आणि आवाज नकोसा करणारी डोकेदुखी ही बहुतेकदा अर्धशिशी असते. खऱ्या सायनसच्या संसर्गात नाक चोंदते, घट्ट स्राव येतो, वास जातो. शेंबूड पिवळा झाला एवढ्याने प्रतिजैविक लागत नाही. सर्दीतही तो पिवळा होतो. दहा दिवसांनंतरही उतार नसेल, किंवा बरे वाटत असताना पुन्हा ताप येऊन त्रास वाढला असेल, तर दाखवावे.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळी सूचना आहे. साखर वाढलेली असताना एका बाजूचा गाल सुजणे, बधिर होणे, नाकात काळी खपली दिसणे, डोळा सुजणे किंवा दात अचानक हलू लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०२१ मध्ये करोनानंतर काळ्या बुरशीने काय केले ते आपण पाहिले आहे. तो आजार तेव्हा वाढला, पण तो आधीही होता आणि आजही आहे.

निफाडकर

मुलीचा उन्हाळ्यात वरचेवर घोळणा फुटतो. आम्ही मान मागे करून डोक्यावर पाणी ओततो आणि कांदा फोडून हुंगायला देतो. हे बरोबर आहे का?

धागाकर्ता

मान मागे केल्याने रक्त थांबत नाही; ते घशात उतरते आणि पोटात जाऊन उलटी होते. मुलीला बसवावे, किंचित पुढे वाकवावे, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट दाबून धरावा आणि तिला तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. दहा मिनिटे घड्याळ लावून दाबावे, मध्ये सोडून पाहू नये. मुलांत रक्त बहुधा मधल्या पडद्याच्या पुढच्या टोकावरून येते, म्हणून मऊ भाग दाबणे पुरते. वर हाडावर दाबून उपयोग नाही. कांद्याने घोळणा थांबत नाही. तो आपोआप थांबायचाच असतो तेव्हा श्रेय कांद्याला मिळते. कोरड्या हवेत रात्री नाकपुडीच्या आत व्हॅसलिनचे बोट फिरवावे आणि नखे कापलेली ठेवावीत. वीस मिनिटांत थांबले नाही, किंवा घरातील वडीलधाऱ्यांना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असताना असे झाले, तर वाट पाहू नये.

शिक्षिका, गंगापूर रोड

माझा आवाज अडीच महिन्यांपासून बसलेला आहे. वर्गात साठ मुले, खिडकीबाहेर रस्ता. सुट्टीत थोडा सुधारतो, सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा बसतो. हळद-दूध, ज्येष्ठमध, गुळण्या सगळे चालू आहे. दुर्बिणीने तपासणी सांगितली आहे, पण भीती वाटते.

धागाकर्ता

बाई, तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज दुर्बिणीने पाहिल्याशिवाय सोडू नये. तपासणीला पाच मिनिटे लागतात, नाकात बधिर करणारे औषध मारतात, आणि आपण खुर्चीत बसून स्वतःचे स्वरतंतू पडद्यावर पाहू शकता. सुट्टीत सुधारतो हे चांगले लक्षण आहे. आवाजाच्या अतिवापराने येणाऱ्या गाठींत तसेच होते. लासलगावच्या बाजारात लिलाव पुकारणारे, कीर्तनकार, शिक्षक या सर्वांत त्या आढळतात. तंबाखू खाणारा किंवा विडी ओढणारा माणूस असता आणि आवाज दिवसेंदिवस बसतच चालला असता, तर मी आजच या असे लिहिले असते.

देवळाली

डॉक्टरांच्या या वाक्याला माझ्या वडिलांची हकीकत जोडते. त्यांचा फक्त डावा कान दुखत असे. तीन महिने कानात थेंब घातले. कान तपासणारे प्रत्येक जण कान चांगला आहे म्हणत आणि थेंब बदलून देत. शेवटी एका तज्ज्ञांनी तोंड उघडायला लावून जिभेच्या मुळाशी बोट फिरवले आणि तिथली गाठ सापडली. चाळीस वर्षांची तंबाखू होती. कान दुखतो म्हणून घशात पाहायचे, हे आम्हाला कधीच सुचले नसते.

धागाकर्ता

ताई, वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. कान, जीभ, टॉन्सिल आणि स्वरयंत्र यांच्या संवेदना काही सामाईक नसांतून मेंदूकडे जातात, त्यामुळे घशातील दुखणे कानात जाणवते. कान स्वच्छ असूनही एकाच बाजूला दुखत राहिला तर दाढ, जबडा आणि घसा पाहिलाच पाहिजे.

तंबाखू, मिश्री, गुटखा आणि नुसती सुपारीसुद्धा तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरते; सुपारी ही स्वतः कर्करोगकारक आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तोंड पुरते उघडता न येणारी विशी-पंचविशीतील मुले माझ्याकडे येतातच. आपली तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, हे प्रत्येकाने आज आरशासमोर पाहावे. ती जात नसतील, तिखट झोंबत असेल, तोंडातील व्रण तीन आठवड्यांत भरला नसेल किंवा मानेत न दुखणारी गाठ लागत असेल, तर तपासून घ्यावे. या कर्करोगाचे वैशिष्ट्य असे की तो डोळ्यांना दिसणाऱ्या जागी सुरू होतो आणि पहिल्या टप्प्यात सापडला तर बहुतेकदा बरा होतो.

शिक्षिका, गंगापूर रोड

काल तपासणी झाली. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर अगदी बारीक गाठी आहेत, शस्त्रक्रिया लागणार नाही असे सांगितले. वाचा-उपचार तज्ज्ञांकडे आठ बैठका आणि वर्गात लहान ध्वनिवर्धक वापरायला सांगितला आहे. दोन दिवस मी कुजबुजत बोलते आहे. गुळण्या दिवसातून सहा वेळा करते. अजून वाढवू का?

धागाकर्ता

दोन्ही बाजूंना सारख्या आहेत, हे ऐकून बरे वाटले. कुजबुज मात्र आजपासून बंद करा. कुजबुजताना स्वरयंत्रावर उलट ताण येऊ शकतो. हळू, पण नेहमीच्या आवाजात बोला, आणि घसा खाकरण्याची सवय असेल तर त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. गुळण्या वाढवण्याची गरज नाही. त्यांनी घशाच्या मागच्या भिंतीला आराम पडतो, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचले असते तर ठसका लागला असता. तिथे पोहोचते ती वाफ. ती दिवसातून दोन वेळा, पाच-पाच मिनिटे, काहीही न घालता नुसत्या पाण्याची घ्या, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहून घ्या.